अठ्ठेचाळीस सेकंदांची कॉलर

शिलाईच्या कारखान्यात बाया चाळीस, आणि त्यांतल्या अकराजणी एकच गोळी घ्यायच्या. छातीत धडधड, झोप नाही, उगाच रडू येणं. कारखान्याचे डॉक्टर मोठे मनकवडे. प्रत्येकीला विचारत, "सासूबाईंशी पटतं का?" अशा रीतीनं अकरा सासवांची फुकट बदनामी झाली, स्टॉपवॉचचं नाव मात्र एकाही केसपेपरवर आलं नाही.

शर्टाच्या कॉलरी शिवणारी एक होती, कॉलरवाली; ते स्टॉपवॉच असे तिच्या धाकट्या दिराच्या गळ्यात. बाया त्याला सेकंदराव म्हणत. कुणाच्या ना कुणाच्या पाठीमागे उभं राहायचं आणि किती सेकंदांत काय शिवलं ते लिहायचं, एवढंच त्याचं काम. कॉलरला अठ्ठेचाळीस सेकंद ठरलेले होते, ते आता एक्केचाळीसवर आणायचे होते. पंधरा दिवसांनी शेवटची मोजणी; तिच्यात जी सरासरी निघेल तोच नवा आकडा. जिला जमणार नाही तिनं घरी बसायचं. आणि मागे कुणी उभं राहिलं की कॉलरवालीच्या हाताला असा कंप सुटे, की पहिला नंबर तिचाच लागणार होता.

"भावजी, मागं नका हो उभे राहू. हात चालत नाही माझा."

"कारखान्यात नातं नसतं, वहिनी."

"मग वहिनी कशाला म्हणता?"

"हे बघा, नुसतं बघितल्यानं कुणाला काही होतं का? मनाचे खेळ सगळे. डोक्यातून काढून टाका."

तिनं डोक्यातून काढलं आणि मोबाइलमध्ये घातलं.

दोन दिवसांनी सकाळी बाथरूमच्या दाराबाहेर तिचा प्रेमळ आवाज आला. "भावजी, चार मिनिटं दहा झाली हं. काल साडेतीनात उरकलं होतं."

आत तांब्या पडल्याचा आवाज झाला.

जेवताना ती वही आणि मोबाइल घेऊन त्याच्या पाठीमागे उभी. "हा घास बावीस सेकंद. आधीच्यापेक्षा चार जास्त. काही अडचण?"

"दादा, सांग ना वहिनीला!"

"नुसतं बघतेय रे ती," दादा म्हणाला आणि स्वतःचं ताट भराभर संपवून उठला. न जाणो, आपलाही नंबर लागायचा.

आठव्या दिवशी बुटाची नाडी बांधताना सेकंदरावांना घाम फुटला. दहाव्या दिवशी ते डॉक्टरांपुढे बसले. लग्न व्हायचं होतं, म्हणजे सासूच नाही. डॉक्टरांची मोठी पंचाईत झाली. शेवटी त्यांनी काही न विचारताच बारावी गोळी लिहून दिली.

मोजणीच्या दिवशी कॉलरवालीच्या मागे सेकंदराव आणि सेकंदरावांच्या मागे मॅनेजरसाहेब. तिचा हात आज सुरेख चालला. मागून दुसऱ्याचं धापा टाकणं ऐकू येत असलं की चालतो. त्याचा अंगठा मात्र बटणावर ठरेना. कॉलर शिवून बाजूला पडली तरी घड्याळ चालूच. एकावन्न. सत्तावन्न. पुढची सुरू व्हायच्या आधीच याचे चार सेकंद पळाले.

"नीट मोजताय ना?" साहेबांनी मानेजवळ विचारलं.

माझाच हात थरथरतोय, हे सांगायला तो काय वेडा होता? थरथरणाऱ्यांचं इथं काय होतं, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक! त्यानं आले त्या आकड्यांची सरासरी काढली. चोपन्न. साहेबांनी आठ्या घालत नव्या आकड्यावर सही केली. त्या दिवशी सगळ्यांचेच आकडे असे फुगले, आणि कॉलरवाली राहिली, बाकीच्याही राहिल्या.

संध्याकाळी ताटावर बसताना तो म्हणाला, "जिंकलात, वहिनी. आता तरी तो मोबाइल ठेवा."

"ठेवलाय की, कपाटात. तुमची शपथ."

खरंच ठेवला होता. ती समोर बसून निवांत जेवत होती. तिनं मान वर केली. घास चावता चावता दिराचे ओठ हलत होते, "एकोणीस... वीस... एकवीस..."

तिनं त्याच्या ताटात आणखी एक डाव भात वाढला.

"सावकाश होऊ द्या हं, भावजी."