पाखऱ्या डांबरावर

दामिनी हरडने स्वतःच्या हाताने बांधलेली गाडी भर रस्त्याने टोकावड्याच्या नाक्यापर्यंत नेली, पोलिसाने अडवली, कागद बघितले आणि "जा" म्हणाला.

हे घडलेलं नाही. उंबरवाडीत कोणालाही विचारा. लोक शपथेवर सांगतील की असली कुठली गाडी त्यांनी पाहिलेली नाही, तिचा रंग तांबडा नव्हता, आणि ती गेली तेव्हा ज्या कोंबड्या उडाल्या त्या आपल्या आपण उडाल्या. तेव्हा जे घडलंच नाही ते सविस्तर सांगायला कोणाची हरकत नसावी.

दामिनी वाशिंदच्या एका कारखान्यात फिटर होती. आठवडाभर तिकडे भाड्याच्या खोलीत, सुट्टीला उंबरवाडीत. त्या खोलीत टीव्ही नव्हता, म्हणून ती मोबाइलवर परदेशी म्हाताऱ्यांचे व्हिडिओ बघायची. पांढऱ्या दाढीचे, पोट सुटलेले म्हातारे जुन्या गाड्या कापून नव्या बांधत. पुढची चाकं उघडी, इंजिन उघडं, मागची चाकं पुढच्यांपेक्षा मोठी, अंगावर तांबडा रंग आणि लाज नावालाही नाही. हॉट रॉड म्हणतात त्याला. दामिनीला वाटलं, हे आपल्याला शोभेल.

तिने दक्षिणेतल्या एका माणसाकडून असल्या गाडीचं कीट, म्हणजे घरी जोडायचे सुटे भाग, मागवलं. टेम्पोतून लाकडी खोका आला. त्यात फायबरची बॉडी, चासीचे म्हणजे सांगाड्याचे पाइप, नटबोल्टांच्या पिशव्या आणि एक पुस्तिका. पुस्तिका तमिळमध्ये होती, पण चित्रं होती. चित्रांत एक मिशीवाला माणूस पाना फिरवत होता. पहिल्या पानावर तो हसत होता आणि शेवटच्या पानावरही तेवढाच हसत होता. त्यावरून दामिनीने ओळखलं की पुस्तिका खोटी आहे, आणि ती चुलीशेजारी ठेवून दिली.

बैलांना अंगणात काढून तिने गोठ्यात काम मांडलं. चासीचं वेल्डिंग केलं. भंगारातल्या जीपचं डिझेल इंजिन, गिअरबॉक्स नि मागचा धुरा बसवला. इंजिनावर तिला झाकण नको होतं, आणि घरात पहिलं भांडण त्यावरून झालं.

"अंगभर घाल गो काय तरी त्याला," तिची आई गोदू म्हणाली. "सगलं पोटातलं दिसतंय. लोकं काय म्हंतील?"

"फॅशन हाय, आई."

"कसली फॅशन? आमी मासली साफ करतो तवा असंच दिसतं."

इंजिनापेक्षा जास्त वेळ दामिनीने ब्रेकवर घालवला. चाचणीसाठी गाडीत भाताची पोती भरली आणि ती उतारावरून सोडून करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली. पोती थांबली नाहीत. मग तिने सीट बेल्ट बसवले. मागे-पुढे दिवे, दोन्ही बाजूंना आरसे, हॉर्न, इंडिकेटर, सगळं नियमाला धरून. मागे नंबर प्लेटची जागा सोडली आणि त्या रिकाम्या जागेवर उजेड पाडणारा छोटा दिवासुद्धा लावला.

तिचे वडील लडकू हे आसपासच्या गावांत बैलांचे जाणकार. बैल विकत घ्यायचा तर लोक आधी त्यांना दाखवत. गाडी पुरी झाली त्या दिवशी ते तिच्याभोवती फिरले, वाकून पुढच्या चाकांकडे बघितलं, मागच्या अंगावर थाप मारली.

"पाठ भरलेय. पुढनं हलका हाय. पलंल."

आणि त्यांनी तिचं नाव पाखऱ्या ठेवलं. गाडी बाईमाणूस असते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

भात कापून झालं होतं. दामिनीने पाखऱ्याला खाचरांत फिरवलं, बांधावरून उडवलं, कोरड्या ओढ्यातून काढलं. कोणी काही बोललं नाही. शेतात सगळंच चालतं. शेतात बाईनेही चालवलेलं चालतं. पण दामिनीला डांबर पाहिजे होतं, आणि तेही कुठलंही नाही. मुरबाडहून माळशेजकडे जाणारा रस्ता रुंद झाला तेव्हा हरडांची दोन चांगली खाचरं त्याखाली गेली होती. सुट्टीच्या दिवशी त्याच खाचरांवरून मुंबईची पोरं महागड्या मोटारसायकलींवर बोंबलत घाटात जात, आणि दामिनी कडेला एसटीची वाट बघत उभी राही.

"आमच्या खाचरावरनं जातो रस्ता," ती म्हणायची. "मीच नाय जायचं त्यावरनं? एकदा तरी माझ्या गाडीतनं जानार. दिवसाढवल्या."

म्हणून ती फोटो घेऊन गाड्या नोंदवायच्या हापिसात गेली. साहेब शांत होते.

"कुठल्या कंपनीची?"

"माझीच."

"कंपनीचं नाव काय?"

"दामिनी."

"कारखाना कुठे?"

"गोठ्यात."

साहेबांनी फोटो उलटा करून बघितला. तसाही तो तसाच दिसत होता. "हे बघा ताई, कंपनी गाडी बनवते, सरकार ती तपासून मंजूर करतं, मग आम्ही नोंद करतो. ज्याला मंजुरी नाही ती गाडी नाही."

"ब्रेक बघा ना साहेब. चालवून बघा."

"काय चालवून बघू? गाडीच नाही."

"मग काय हाय ती?"

"ते सांगणं माझं काम नाही. मी फक्त काय नाही ते सांगतो."

"लिहून द्या."

साहेबांना कोणी लिहून मागितलं की सहसा राग येत असे. त्या दिवशी मात्र त्यांना बरं वाटलं, कारण इतक्या वर्षांत त्यांच्या म्हणण्याची कोणाला प्रत हवी झाली नव्हती. त्यांनी लिहून दिलं : 'सदर वस्तू मोटार वाहन नाही.' खाली सही, शिक्का.

दामिनी घरी आली आणि जेवली नाही. लडकूंनी कागद वाचून घेतला, घडी करून परत दिला, आणि म्हणाले, "जत्रेला नेऊ पाखऱ्याला."

हरडांच्या घरात नवं जनावर आलं की त्याला पहिल्या जत्रेला देवापुढे उभं करायचं, अशी रीत होती. जत्रा खाचरांच्या पलीकडच्या माळावर भरायची. बांधाबांधाने गेलं तर रस्त्याला चाकही लागत नसे.

"जत्रेत जनावरं नेतात, बाबा."

"मंग? गोठ्यात जलमला. मी नाव ठेवलं. आता देवाला काय सांगू, फायबर हाय?"

जत्रेतल्या जनावरांच्या बाजाराच्या तोंडाशी ग्रामपंचायतीचा भगीरथ पावत्या फाडत बसला होता. या दारातून जे आत जाईल त्याची पावती, आणि पावतीपुस्तक एकच, बैलांचं. ग्रामपंचायतीने दुसरं छापलंच नव्हतं. गेल्या वर्षी मौत का कुआँवाला खोंड म्हणून आत गेला होता. आकाशपाळणा वळू म्हणून गेला, त्यावर गावात थोडी चर्चा झाली, पण आकार बघता लोकांना ते पटलं.

भगीरथने मान वर करून पाखऱ्याला नीट बघितलं. मग मान खाली घातली.

"नाव?"

"पाखऱ्या," लडकू म्हणाले.

"रंग?"

"तांबडा."

"शिंगं?"

लडकूंनी इंजिनाच्या दोन्ही अंगांनी निघालेल्या धुराच्या नळ्यांकडे बघितलं. "दोन. मागं गेलेली."

"दात?"

"नाय."

भगीरथचं पेन थांबलं. "काका, दात नाय म्हंजे पार म्हातारा काय?"

"औंदाचाच हाय. चावायचं काम पडत नाय त्याला. डिझेल पितो."

"वाण?"

"मिश्र," दामिनी म्हणाली. जीप, तमिळनाडू आणि उंबरवाडी यांना दुसरा शब्द नव्हता.

"खोड काय?"

"थंडीत लवकर उठत नाय."

"ती खोड माझ्या मेव्हन्याला पन हाय," भगीरथ म्हणाला आणि पावती फाडून दिली. "कामाचा हाय का शर्यतीचा?"

दोघं एकदमच म्हणाले, "शर्यतीचा."

देवापुढे उभं केलं, नारळ फुटला, पुजाऱ्याने बॉनेट नसल्यामुळे इंजिनालाच कुंकू लावलं, ते तिथल्या तिथे भाजलं. बैलवाले जमले. एकाने चाकाला हात लावून विचारलं, देनार का? लडकू म्हणाले, घरचा हाय. दामिनी मात्र माळाच्या कडेला बघत उभी होती. तिथून रस्ता दिसत होता. तिच्या एका हातात 'गाडी नाही' असा कागद होता, दुसऱ्या हातात 'बैल आहे' असा. तिने दोन्ही एकावर एक ठेवले.

"बाबा, बैलाला नंबर लागतो का रस्त्यावर?"

"आमच्या बैलांना कंदी लागला?"

"मंग बसा."

लडकू बसले. बेल्ट लावला. हातात कासरा घेतला आणि त्याचं टोक पुढच्या धुऱ्याला बांधलं, कारण रस्त्यावर जनावर मोकळं सोडणं बरं दिसत नाही.

पाखऱ्या डांबरावर चढला. खाचरात तो धडधडायचा, इथे नुसता वाहू लागला. इंजिनाचा आवाज दोन्ही बाजूंच्या झाडांना आपटून परत येत होता. उघड्या चाकांवरून सुटलेले खडे पुढे उडत होते आणि दामिनी बोंबलत होती. मुंबईच्या पोरांसारखी नाही. आपल्या खाचरात उभं राहून पलीकडच्या बांधावरल्या माणसाला हाक मारतात तशी. रस्त्याखाली कुठेतरी ती दोन खाचरं होती. ती जागा आली तेव्हा लडकूंनी बोट दाखवलं, आणि दामिनीने तिथे गिअर बदलला.

मुंबईच्या एका मोटारसायकलवाल्याने बाजूला येऊन ओरडून विचारलं, "अंकल, ये कौनसा मॉडेल है?"

"बैल है," लडकू म्हणाले. तो मागे राहिला.

टोकावड्याच्या नाक्यावर पोलीस होता. चष्मेवाला, वयस्कर, ढाब्यावरचा चहा हातात. त्याने चहा खाली ठेवला, यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे कळलं.

"लायसन?"

दामिनीने दिलं. खरं होतं.

"गाडीचे कागद?"

तिने पहिला कागद दिला. पोलिसाने तो वाचला, शिक्का बोटाने घासून बघितला. "मोटार वाहन नाही. मग काय आहे हे?"

तिने दुसरा दिला. तो त्याने अगदी सावकाश वाचला, कारण तो स्वतः शेतकऱ्याच्या घरचा होता आणि बैलाच्या पावतीत काय काय असतं ते त्याला माहीत होतं.

"बैल."

"हो."

"बैलाला सीट बेल्ट कशाला?"

"बैलाला नाय. मला हाय."

"आणि इंडिकेटर?"

"गुणी हाय तो," लडकू म्हणाले. "वलायच्या आधी सांगतो."

मागे गाड्यांची रांग लागली. मोटारसायकलवाली पोरं मोबाइल काढून उभी राहिली. पोलिसाने पाखऱ्याभोवती एक चक्कर मारली.

"पोरी, मी ही उचलून चौकीत टाकू शकतो. कळतंय ना?"

"टाका," दामिनी म्हणाली. तिने इंजिन बंद केलं नाही. "पन चौकीत काय लिवाल? गाडी लिवलीत तर ह्यो शिक्का खोटा. बैल लिवलात तर दावनीला बांधा नि रोज वैरन घाला. मी रोज येऊन बघनार, घातली का नाय. हा रस्ता आमच्या खाचरावर हाय, साहेब. मी चालत घरी नाय जानार."

पोलिसाने दोन्ही कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले. मग त्याचा चेहरा उजळला. त्याला पावतीत भोक सापडलं होतं.

"कानातला बिल्ला कुठंय?"

दामिनीने पाखऱ्याच्या पुढच्या अंगाकडे बघितलं.

"जनावराच्या कानात पिवळा बिल्ला पाहिजे. सरकारी. त्याच्यावर नंबर असतो. बिल्ल्याशिवाय बाजारात पावतीच फाडता येत नाही."

"कान नाय त्याला," लडकू म्हणाले.

"ते मला दिसतंय, काका. पण नियमाला दिसत नाही." त्याने कागद परत दिले आणि चहाचा ग्लास उचलला. "मात्र बिल्ल्याचं खातं माझं नाही. ते जनावरांच्या डॉक्टरांचं. बिनबिल्ल्याचा बैल अडवायचा मला अधिकार नाही. जा. बिल्ला लावून घ्या. आणि बैलाच्या चालीने जा."

"शर्यतीचा हाय," दामिनी म्हणाली आणि क्लच सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कारखान्यात सुट्टी टाकली आणि पुढील अर्ज तीन प्रतींत दिला :

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी साहेब, यांस

विषय : कान नसलेल्या बैलास बिल्ला मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करते की, माझ्या मालकीच्या एका बैलास जन्मतः कान नाहीत. त्यामुळे शासनाचा बिल्ला टोचण्यास जागा उपलब्ध होत नाही. तथापि सदर बैलास दोन्ही बाजूंना आरसे असून ते कानांच्याच जागी आहेत व मागून येणाऱ्याची चाहूल त्यांतूनच लागते. तरी उजवा आरसा हा कान समजण्यात येऊन त्यास बिल्ला टोचून मिळावा, बिल्ल्यावरील नंबर मागील रिकाम्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवण्यास परवानगी असावी, आणि टोचतेवेळी बैल हलू नये म्हणून साहेबांनी स्वतः आत बसून ब्रेक दाबून धरावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
दामिनी लडकू हरड