लाकडातली माया

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, या ना, पण घरात जागा नाही हो. दोनच खोल्या आहेत. तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल." मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि अंगणात जाऊन माझ्या पिकअपकडे बघत उभा राहिलो. जागा नाही एवढंच ना? मग जागा मी सोबत घेऊन येतो. रागाच्या भरात माणूस काय काय ठरवतो, त्यातलंच हे. पण राग दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, म्हणून मी प्लायवूड घेऊन आलो.

मी शिंपी. चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले. ही पिकअप त्यांचे गठ्ठे पोचवायला घेतलेली. दुकान बंद केल्यापासून ती आणि मी, दोघंही नुसते उभे. मागच्या हौद्यावर पत्र्याचा टप होताच. त्याच्या आत एक पलंग, पलंगाखाली सामानाची पेटी, बाजूला मिटणारं टेबल, खिडकीला पडदा. एवढं झालं की लेकीच्या इमारतीखाली गाडी लावायची, तिथेच झोपायचं आणि दिवसा वर जाऊन नातीला बघायचं. नात चार वर्षांची आहे. मी तिला फक्त फोटोत पाहिलंय, तेही एकाच, आणि त्यात तिचा अर्धा चेहरा टोपीत आहे. टोपीची शिवण वाकडी आहे, हे मला आधी दिसलं. म्हणजे बघा माझं कसं आहे ते.

कोणाची मदत घ्यायची नाही, हे ठरलेलं होतं. बायको असती तर म्हणाली असती, यांच्या नाकावर माशी बसेल तर शपथ. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. घरात आता मी बोललो तर ऐकणाराही मीच, आणि माझं बोलणं मला फारसं आवडत नाही.

हौद्यात चाकांवर जे फुगवटे असतात, त्यांच्या मधली रुंदी मी तीनदा मोजली. पलंगाला तीन फळ्या शेजारी शेजारी बसवायच्या होत्या, म्हणून मापाचे तीन भाग केले, खडूने रेघा मारल्या आणि करवत चालवली. दोन फळ्या बसल्या. तिसरी काही केल्या आत जाईना. ठोकली, तिरकी केली, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ढिम्म.

समोरच्या घरातला म्हातारा सुतार, ज्याला सगळे मिस्त्री म्हणतात, फाटकाला टेकून बराच वेळ ही मजा बघत होता.

"काय मास्तर, माप चुकलं?"

"माझं माप कधी चुकत नाही."

तो न विचारता आत आला. त्याने हौदा मोजला, फळी मोजली, मग फळीवरच्या खडूच्या खुणा बघितल्या. मी प्रत्येक फळीला दोन्ही कडांशी दोन-दोन रेघा मारल्या होत्या, एक मापाची आणि तिच्या बाहेर अर्ध्या इंचावर दुसरी. कापलं होतं बाहेरच्या रेघेवर. मिस्त्री इतका हसला की त्याला हौद्याच्या कडेवर बसावं लागलं.

"अहो मास्तर, माया सोडलीत? लाकडात?"

सोडली होती. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच. कापड बेतताना शिवणीसाठी जे जास्तीचं ठेवतात, ती माया. ती रेघ माझा हात मला न विचारताच मारतो. तीन फळ्या, तीन इंच.

"हे काय शिवायचंय की उसवायचंय? लाकडाला माया लागत नाही, नुसतं माप लागतं," मिस्त्री डोळे पुसत म्हणाला. "थांबा, मी येतो करवत घेऊन."

"नको. माझं मी बघीन."

"बघा बापडे. पण रेघ एकच मारा."

तो गेल्यावर मी त्या आडमुठ्या फळीवर बसून राहिलो. गोष्ट हसण्यासारखीच होती, पण मला हसू येईना. परक्यांच्या पोरांच्या चड्ड्यांना मी नेहमी दोन बोटं जास्त माया सोडायचो. पोरं वाढतात, वर्षभरात पुन्हा शिवायला नको. त्याबद्दल लोक माझं नाव काढायचे. घरच्यांना मात्र मी सगळं मोजून दिलं. लेक माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते, ते कुठून शिकली हे मला काय ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. पण इतकं हसत हसत कोणी ते माझ्यासमोर ठेवलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस मी रेघ एकच मारली. फळ्या बसल्या, पेटीला बिजागऱ्या लागल्या. टेबल दोनदा गुडघ्यावर पडलं, तिसऱ्यांदा राहिलं. फोमची गादी आणि पडदा मात्र माझ्या मशीनवर झाले. तिथे कोणी बोट ठेवून दाखवावं. शेवटी मागचं दार ओढून घेतलं आणि पलंगावर आडवा झालो. लांबी बरोबर, रुंदी बरोबर. कूस बदलायला जागा होती, पण कोणाकडे तोंड करायचं ते ठरेना. तसाच उताणा पडून मी लेकीला फोन लावला.

"गाडी तयार झाली बघ. परवा निघतो. तू जागेची काळजी करू नकोस, मी खाली गाडीतच झोपणार. आत पलंग केलाय."

तिच्याकडे नळ वाहत होता, त्याचा आवाज येत होता.

"पडदाही आहे," मी म्हटलं.

"बाबा, घरात जागा नाही, हे वाक्य कोणाचं आहे, आठवतं तुम्हाला?"

"तूच म्हणालीस की त्या दिवशी."

"तुमचं आहे ते. आई आजारी पडली आणि तिची खाट पुढच्या खोलीत आणली, त्या दिवशी तुम्ही गादी उचललीत आणि दुकानाच्या माळ्यावर झोपायला गेलात. घरात जागा नाही म्हणालात. तीन महिने, बाबा. मी तिला कुशीवर वळवायची आणि ती विचारायची, आले का गं ते?"

शाळा उघडायच्या होत्या, कपडे वेळेत द्यायचे होते, मशीनच्या आवाजाचा तिला त्रास झाला असता. सगळं तोंडापर्यंत आलं आणि मी ते गिळलं. खाटेशेजारी माझी गादी आरामात मावली असती. मला तिचा तो घरघरणारा श्वास ऐकवत नव्हता, म्हणून मी पळालो होतो.

"जागा होती," मी म्हटलं. "मी घाबरलो होतो गं. माझं चुकलं."

"एवढी वर्षं लागली तुम्हाला हे म्हणायला?"

"लागली."

तिकडे ती नळाखाली भांडी विसळू लागली, ती एकमेकांवर आपटत होती.

"परवा नका येऊ," ती शेवटी म्हणाली. "मला थोडे दिवस द्या. मी सांगते."

"सांग. सावकाश सांग."

मी फोन ठेवणार होतो, तेवढ्यात पलीकडे एक बारीक आवाज आला. मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो.

"आई, कोणाचा फोन आहे?"

"माझ्या बाबांचा."

"तुला पण बाबा आहेत?"

मी उठून बसलो आणि फोन कानाला घट्ट दाबून धरला. तिकडे नळ बंद झाला.

"आहेत," लेक म्हणाली.