भांडं भरून ठेवायची रीत

बायू शेन गावच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं विहीर सांभाळली. विहीर म्हटलं की लोकांना पाणी वर काढणं आठवतं. आमची उलटी होती, आम्ही आत घालायचो. कारखान्यातलं आम्लाचं पाणी, ज्याचं नाव जेवताना काढू नये असं, पाच हजार फूट खालच्या वाळूत दाबून सोडायचं आणि ते तिथेच राहील हे बघायचं. गावाचं पिण्याचं पाणी सहाशे फुटांवर. आमची नळी त्यातूनच खाली जाते, त्यामुळे बघावं लागतं.

नळ्या दोन, एकीत एक. घाण आतल्या नळीतून जाते. दोन्हींच्या मधल्या पोकळीत खारं पाणी असतं, आणि त्याचा दाब घाणीच्या दाबापेक्षा कायम चढा ठेवतात. म्हणजे आतली नळी फुटलीच, तर घाण बाहेर येण्याऐवजी खारं पाणीच आत जातं. ज्याने हे शोधून काढलं तो आमच्यासारख्या माणसांना ओळखून असावा. आमच्या वाट्याला त्याने फक्त एक काम ठेवलं: खाऱ्या पाण्याच्या टाकीची काच बघायची. तक्त्यावरची लाल रेघ दाब दाखवते, पण टाकीत वरून गॅसचा दाब दिलेला असल्याने लहानसहान पाझरात ती जागची हलत नाही. बोलते ती काच. पातळी उतरली की कुठेतरी पाणी जातंय.

काचेवर अल्सीड गिड्रीने बायकोच्या नखांच्या रंगाने एक गुलाबी रेष ओढली होती. अल्सीड आमच्यातला सगळ्यात जुना. पाळीवरच्या खोलीत त्याने एकच शिस्त लावली होती: पुढच्या माणसाला कॉफीचं भांडं रिकामं द्यायचं नाही. जाताना ताजी करून, भरून ठेवायची. आम्ही चौघंही ते पाळायचो. लुइझियानात माणूस चर्च चुकवेल, पण भांडं रिकामं ठेवून जाणार नाही.

त्या मार्चमध्ये अल्सीडच्या निवृत्तीला तीन दिवस उरले होते. शुक्रवारी शेवटची पाळी, शनिवारी कारखान्यामागच्या शेडमध्ये त्याच्या नावाने क्रॉफिशची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्यांची, मेजवानी. आठ पोती सांगून ठेवलेली. साहेबांनी पितळी पाटीही करून घेतली होती: 'एकोणीस वर्षं, विहीर एक दिवसही बंद नाही.' अल्सीडने ती येताजाता तीनदा बघितली होती. स्पेलिंग तपासतोय म्हणायचा.

बुधवारी सकाळी, मी रात्रपाळी संपवून अजून कॉफीवर रेंगाळलो होतो, तेव्हा मिस वर्ना आमच्या खोलीत आली. मिस वर्ना स्टोअर बघायची आणि स्टुलावरून फक्त आगीच्या तालमीला उठायची, तेही कुरकुरत. ती चालत आली म्हणजे काहीतरी मोठं होतं.

"अल्सीड, तुम्ही लोक ते खारं पाणी पिता की काय?"

"का हो, कमी पडलं?"

"पूर्वी एक पिंप वर्षभर पुरायचं. आता आठवड्याला एक नेताय. हे चौथं."

"थंडी होती ना, मिस वर्ना. थंडीत पाणी आकसतं."

आमच्याकडे फेब्रुवारीतलं सगळं थंडीवर जातं. ट्रक सुरू न होणं, जावयाने फोन न करणं, सगळं.

"बरं," मिस वर्ना म्हणाली, "आता तीन दिवस चांगलं ऊन आहे. आकसलेलं फुगलं असेल. मग तेवढं मला परत आणून द्या."

ती गेली. अल्सीड काचेकडे बघत राहिला. पातळी गुलाबी रेषेवर होती, अगदी नेमकी.

"तू जाताना टाकीत किती भरतोस?" त्याने मला विचारलं.

"असंच थोडंसं. चारेक गॅलन. रेषेपर्यंत."

"वहीत लिहितोस?"

"त्यात काय लिहायचं? कॉफी केली तर कुणी लिहितं का?"

"नाही," तो म्हणाला. "मीही चार भरतो. मीही लिहीत नाही."

मग त्याने घरी झोपलेल्या डल्टनला फोन लावला. डल्टन आधी फोनवर ओरडला, मग खासगी आवाजात म्हणाला, "मीही चार. पण कुणाला सांगू नकोस, मला वाटलं माझ्याच पाळीत कमी होतं. माझ्यावर यायला नको." चौथा पेरी. त्याचंही तेच.

चार सज्जन माणसं, प्रत्येकजण पुढच्याला भरलेली टाकी देत होता. दिवसाच्या दोन पाळ्या, आठ गॅलन. आठवड्याला एक पिंप जमिनीत चाललं होतं आणि काच रोज सांगत होती की सगळं उत्तम आहे.

मी म्हटलं, "शनिवार होऊन जाऊ दे, गड्या. सोमवारी मी बंद करतो विहीर. माझ्या नावाची पाटी नाही कुठे."

"आणि वहीत काय लिहिशील? सोमवारी कळलं?"

अल्सीडने काचेवर बोट टेकवलं.

"पाझर आतल्या नळीला आहे की बाहेरच्या?"

"आतल्याच असेल."

"असेल," अल्सीड म्हणाला. "बाहेरच्या असला तर?"

बाहेरच्या नळीपलीकडे सहाशे फुटांवर काय आहे, ते त्याने सांगितलं नाही. कॉफी त्याच पाण्याची होती. त्याने कप खाली ठेवला, पाटीच्या विचारात एखादं मिनिट गेलं असेल, मग उठून पंप थांबवला आणि झडप हाताने फिरवून घट्ट केली. दहा वाजून वीस मिनिटं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा खोलीत आवाज नव्हता.

साहेबांना फोन त्यानेच केला. साहेब इतक्या मोठ्याने बोलत की मला सगळं ऐकू येई.

"अलार्म वाजला?"

"नाही."

"लाल रेघ खाली आली?"

"नाही."

"मग कशावरून बंद केलीस?"

"मिस वर्नावरून."

अल्सीडने त्यांना पिंपांचं आणि वहीत न लिहिलेल्या गॅलनांचं सगळं सांगितलं. मग: "दोन दिवसांत साठवणीच्या टाक्या भरतील. कारखाना थांबेल. तुला कळतंय ना? न लिहिता पाणी भरत होतं कोण?"

"मी. बाकीच्यांना मीच शिकवलं."

शुक्रवारी कारखाना थांबला. शनिवारी कुणाला काम नसल्याने अख्खा कारखाना क्रॉफिशला आला, बायकापोरांसकट, आणि आठ पोती दीड तासात संपली. अल्सीड कोपऱ्यात बसून शेपट्या सोलत होता. पाटीचा विषय कुणी काढला नाही. हे इतकं सगळ्यांनी पाळलं की त्याला दुसरं काही आठवेना.

तो शुक्रवारी गेला नाही. विहीर चालू होईपर्यंत थांबतो म्हणाला. नळ्या उचलायचा मोठा लोखंडी सांगाडा आणून आतली नळी तुकड्यातुकड्याने वर काढली. एकशे तेराव्या तुकड्याचे आटे आम्लाने खाल्ले होते, काडेपेटीच्या काडीचं डोकं जाईल एवढं भोक. बाहेरची नळी धड होती. दाब देऊन तासभर धरला, हलला नाही. सगळं जिथे जायला हवं होतं तिथेच गेलं होतं. अल्सीडने ते भोक पुन्हा पुन्हा बोटाने चाचपलं.

नवव्या दिवशी विहीर सुरू झाली. अल्सीडने वहीत नवा रकाना आखला: किती भरलं, का, कुणी. कपभर असलं तरी. संध्याकाळी मी पाळीवर आलो तर तो ट्रकपर्यंत पोहोचला होता. खोलीत कॉफीचं भांडं रिकामं. कोरडं ठणठणीत.

वहीत त्याची शेवटची नोंद होती: 'पातळी रेषेच्या बोटभर खाली. भरली नाही. कॉफी संपली. केली नाही.'

मी दारातून ओरडलो, "अरे, निदान कॉफी तरी!"

"आधी काच बघ," तो ट्रकमधून म्हणाला, आणि गेला.

मी बघितली. बोटभर खाली. सकाळी बघितली, तेवढीच खाली. रात्रभर हात शिवशिवत होता भरायला.