बोंग-चीचा शिक्का

मी एक जुना शिक्का आहे, म्हशीच्या शिंगाचा, करंगळीएवढा. माझ्या तळाशी तीन अक्षरं कोरली आहेत: त्साई बोंग-ची. मित्रांनो, आमच्या तैवानच्या किनाऱ्यावर 'बोंग-ची' म्हणजे 'झालीच आहे तर पोसा'. चौथीही मुलगीच झाली म्हणून बापाने रागाने ठेवलेलं नाव. मला कोरणारा कारागीरसुद्धा फिदीफिदी हसला होता. तेव्हाच मी ठरवलं, उमटेन तर ठसठशीत उमटेन.

बोंग-ची शाळेत गेली नाही, जन्मभर कालवं फोडत राहिली. तिला सही येत नाही, म्हणून सगळीकडे मीच: लग्नाच्या नोंदीवर, टपालाच्या पावतीवर, मुलीच्या शाळेच्या डायरीत रोज संध्याकाळी. मग मुलगी, पेइ-यू, शहरात शिकायला गेली आणि मी चमच्यांच्या खणात पडलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

यंदा पेइ-यूला मानवशास्त्राच्या एम.ए.साठी अर्ज करायचा होता. सोबत स्वतःचा एक लेख जोडायचा होता. तिने तो कालवं फोडणाऱ्या बायकांवर लिहिला, वर्षभर सुट्टीसुट्टीला आईशेजारी बसून, बोटं कापून घेत. शिफारसपत्र देणाऱ्या सरांनी तो दोनदा तपासला. अर्ज टपालात टाकायच्या शेवटच्या दिवशी, पेइ-यू अंघोळीला गेली असताना, आईने मला खणातून काढलं.

तिला वाचता येत नाही, पण माझा ठसा ती ओळखते. चिठोऱ्यावर मला उमटवून ती तीच अक्षरं पानापानांवर शोधू लागली. बावीस पानांत एकदाही सापडली नाहीत.

"माझं नाव कुठाय गं?" पेइ-यू बाहेर येताच तिने विचारलं.

"बदललंय, आई. ज्याच्यावर लिहितो त्या माणसाला त्रास नको म्हणून आमच्या अभ्यासात तशी रीत आहे. तुला मेइ-ह्वा केलंय. सुंदर फूल!"

"फूल? हे हात बघ! नाव लपवायला मी काय कुणाची कोंबडी चोरलीय?"

"अगं, सर म्हणाले..."

"सरांनी फोडली का कालवं? बापाने लाज काढायला ठेवलेलं नाव मी साठ वर्षं मिरवलं. आणि तू शिकूनसवरून ते पुसतेस?"

पेइ-यूने पानं पुन्हा चाळली. तिने आईला हजार प्रश्न विचारले होते, 'तुझं नाव लिहू की झाकू?' हा एक राहून गेला होता.

नव्याने छापायला वेळ नव्हता. अकरा ठिकाणी तिने मेइ-ह्वा खोडलं आणि तांबडी शाई आईपुढे सरकवली. अकरा वेळा मी उमटलो.

"सर शिफारस मागे घेतील," ती पुटपुटली.

"घेऊ देत. ही माझी शिफारस," आई मला कागदावर दाबत म्हणाली.

मित्रांनो, कुणाचं आयुष्य लिहायला बसाल तर आधी त्याचं नाव विचारा. ते लिहायचं की झाकायचं, तेही त्यालाच ठरवू द्या.

दोन महिन्यांनी पोस्टमन जाड पाकीट घेऊन आला. "हल्ली नुसती सहीही चालते, बोंग-चीबाई. मुलीला बोलवा."

"शिक्काच मारणार," ती म्हणाली आणि मला घेऊन आली.

पाकिटात निवडीचं पत्र होतं. मायलेकी गळ्यात पडून रडल्या. मी नाही रडलो. मी पावतीवर तांबडालाल उभा होतो: त्साई बोंग-ची.