काचेवर कुंकवाचं बोट

दसऱ्याच्या सकाळी सुरगाण्याच्या जीपमधून उतरून रोशनी थेट गंगापूर रोडवरच्या महाविद्यालयात, लेझरच्या खोलीत शिरली आणि दारातच तिचा पारा चढला. सूक्ष्मदर्शकावरचं काळं झाकण उघडं होतं. आत झेंडूच्या पाकळ्या, आणि भिंगाखालच्या काचेवर हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट.

पूजेचं तिला वावडं होतं अशातला भाग नाही. खंडेनवमीला घरी कोयते पुजूनच ती परतली होती. इथली पूजाही तीच मांडून गेली होती: पाटावर पाने-पेचकस, लेझरच्या पेटीवर फूल. झाकण तेवढं उघडू नका, असं दहादा बजावलं होतं.

कारण त्या काचेवर ग्राफीन होतं. चिकटपट्टीने ग्राफाइट सोलून सोलून मिळालेला, जेमतेम एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. नुसत्या डोळ्यांना दिसणार कसा? लेझरची एक चमक त्यातल्या इलेक्ट्रॉनांना उधळायची, पाठोपाठची दुसरी ते कितपत निवले ते टिपायची. डोळ्याची पापणी लवायला लागतो तो वेळ त्यांच्या हिशेबी एक युग. नियतकालिकाच्या परीक्षकांनी तिचा शोधनिबंध परत पाठवला होता, याच तुकड्यावर मोजणी पुन्हा करा म्हणून. आणि पुण्याहून उसना आणलेला लेझर याच आठवड्यात परत जायचा होता. रोशनीची पीएचडी त्या पापुद्र्यावर अडली होती.

विभागप्रमुख धनराज सर शेजारच्या खोलीत चहा घेत होते. वर्तमानपत्रात फोटो यायचा म्हणून झाकण त्यांनीच उघडायला लावलं होतं. एवढं काय मनाला लावून घेतेस, पुसून टाक की, अशी त्यांनी वर समजूत काढली. पुसायचं काय, कपाळ? सरांच्या बोटाने तो पापुद्रा कधीच पुसून नेला होता.

"तिथे ग्राफीन होतं, सर."

"अगं, मी नीट बघूनच बोट लावलं. काचेवर काहीच नव्हतं."

रोशनीच्या अंगाची लाही लाही झाली. त्या निबंधावर पहिलं नाव सरांचं होतं, त्यांच्याच आग्रहाने. तिचं त्याखाली.

"काहीच नव्हतं, तर तुमचं नाव कशावर घातलंय, सर?"

सरांनी कप खाली ठेवला. दर दसऱ्याला ती त्यांना सोनं देऊन पाया पडायची. आईने बांधून दिलेली आपट्याची पानं यंदा पिशवीतच राहिली.