अपघातवहीतली खोडलेली ओळ

मी एक जुनी नोंदवही आहे, मित्रांनो. निळा पुठ्ठा, झिजलेले कोपरे, आणि अंगाला माशाचा वास. आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

अमेरिकेत, मिसिसिपीच्या डेल्टात, तळ्यांच्या काठी एक कारखाना आहे. तिथे कॅटफिश नावाचे मिशाळ मासे सोलतात, कापतात आणि गोठवून पाठवतात. मी तिथे आले तेव्हा माझी पानं करकरीत होती. माझं काम सरळ होतं. कामावर कुणाला इजा झाली किंवा कामामुळे कुणी आजारी पडलं, की सात दिवसांच्या आत माझ्यात लिहायचं. नाव, तारीख, जागा, काय झालं ते सगळं. नुसती पट्टी लावून भागलं तर लिहायला नको. टाके पडले तर लिहिलंच पाहिजे. हा कायदा आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

पहिला मॅनेजर म्हातारा आणि तिरसट होता, पण रोज मला उघडायचा. माझ्यात तीनदा एकाच जागी घसरल्याची नोंद वाचून त्यानं तिथली फरशी उखडून नवी घातली. "ही वही नसती तर मला काही कळलं नसतं," असं तो चारचौघांत म्हणायचा. तेवढंच माझं कौतुक. पुढे कुणी केलं नाही.

मग स्ट्राउड हा नवा मॅनेजर आला. कडक इस्त्री आणि तोंडभर हसू. आल्या आल्या त्यानं भिंतीवर भलामोठा फळा टांगला, 'अपघाताविना दिवस'. दोनशे दिवस भरले की प्रत्येकाला कंपनीचं जाकीट आणि वर कॅटफिशचं जेवण.

"दिवसभर ह्यांचीच आतडी काढायची आणि बक्षीस म्हणून ह्यांनाच खायचं? वा रे वा!" व्हर्डेल म्हणाली आणि सगळ्या बायका खो खो हसल्या. पण त्या गारठ्यात, ओल्या पायांनी उभं राहून काम करणाऱ्यांना जाकीट हवंच होतं.

ही व्हर्डेल हॉब्सन. बावीस वर्षं माशाच्या तुकड्यांतले काटे काढत होती. डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त. तुकड्यावरून बोट फिरवायची आणि केसाएवढा काटाही तिला सापडायचा. सगळे तिला मानानं मिस व्हर्डेल म्हणत.

स्ट्राउडनं माझ्यासाठीही एक नियम काढला. प्रथमोपचाराच्या खोलीतल्या कार्लीननं आधी पेन्सिलीनं लिहायचं. मग तो बघणार. त्याला पटलं तरच शाई. मेल्याला कधी पटलंच नाही. माझी पानं कोरी राहिली आणि फळ्यावरचा आकडा फुगत गेला.

एकशे शहाण्णवाव्या दिवशी व्हर्डेलची सुरी सटकली आणि उजव्या अंगठ्याच्या बुडाशी खोल गेली. कार्लीन घाबरली. "हे टाक्यांचं काम आहे, मिस व्हर्डेल," म्हणाली आणि पेन्सिल दाबून माझ्यात ओळ लिहिली. तेवढ्यात स्ट्राउड आत आला.

"टाके? कशाला? चिकटपट्ट्यांनी ओढून धर की. टाके पडले की वहीत नोंद आली, नोंद आली की फळा शून्यावर."

दारात बायका जमल्या होत्या. व्हर्डेलची मैत्रीण ओझेला म्हणाली, "चारच दिवस गं! आमच्या जाकिटांवर पाणी नको फिरवूस."

"रक्त माझं वाहतंय, आणि पाणी तुझ्या जाकिटावर फिरतंय होय!" व्हर्डेल म्हणाली. पण सगळ्यांचे चेहरे बघून तिनं हात पुढे केला. कार्लीननं सहा पट्ट्या लावल्या. स्ट्राउडनं खोडरबर घेतलं, माझी ओळ घासून काढली आणि मला खणात कोंडून कुलूप लावलं. मला ओरडता येत नाही, ह्याची इतकी चीड पूर्वी कधी आली नव्हती.

दोनशेव्या दिवशी जाकिटं वाटली. जेवणात व्हर्डेलला काटा-चमचा धरता येईना, हात सुजून टम्म झाला होता. माशाच्या घाणेरड्या पाण्यानं जखम आतून सडली होती. इस्पितळात तिचा जीव वाचला. अंगठा कापावा लागला.

ती परत आली तेव्हा स्ट्राउड हळहळला, अगदी छान हळहळला. "घरी मासे कापताना झालं असेल, व्हर्डेल. आमच्याकडे तर नोंदच नाही." म्हणजे उपचारांचा खर्च तिचा तिनं बघायचा, आणि अंगठा नसलेल्या बाईला इथे काम नाही.

"मला वही दाखवा," ती म्हणाली. "मागितली की दुसऱ्या दिवशी काम सुटायच्या आत दाखवावी लागते. कायदा आहे."

"दाखवतो की! लपवायला आहे काय?"

दुसऱ्या दिवशी त्यानं मला ऐटीत तिच्यापुढे टाकलं. कार्लीन होती, नवं जाकीट घातलेली ओझेलाही होती. व्हर्डेलनं पान उघडलं. कोरं. मग ती सवयीनं डाव्या हाताचं बोट पानावरून फिरवू लागली आणि मध्येच थांबली.

"इथं काहीतरी आहे."

"कागदाची सुरकुती आहे ती," स्ट्राउड म्हणाला.

"बावीस वर्षं तुमचे काटे काढलेत, मिस्टर स्ट्राउड. काटा कुठला आणि सुरकुती कुठली, मला कळतं."

तिनं मला खिडकीपाशी तिरपं धरलं. पेन्सिलीचा वळ उजेडात उठून आला. तारीख, सुरी, उजवा अंगठा, आणि तिचं नाव.

कार्लीन रडायला लागली. "मीच लिहिलं होतं. ह्यांनी खोडलं."

"आणि तू बघत बसलीस," व्हर्डेल म्हणाली. "रडू नकोस. लिही. शाईनं."

"कार्लीन, नोकरी जाईल तुझी!" स्ट्राउडचं हसू एकदाचं मावळलं. कार्लीननं त्याच्याकडे बघितलंच नाही. त्याच वळावरून तिनं शाईनं ओळ लिहिली. ओझेलानं जाकीट काढून त्याच्या टेबलावर टाकलं, बाहेर जाऊन फळ्यावरचे आकडे उतरवले आणि शून्य लावलं. व्हर्डेल तिच्याशी मात्र एक शब्द बोलली नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणीतरी साहेब होईल. माझ्यासारखी वही तुमच्या हाती आली तर कोरी पानं बघून खूश होऊ नका. ती कोरी कुणी ठेवली ते विचारा. आणि जखम ओली आहे तोवर लिहा.

माझ्या त्या ओळीत आता सगळं शाईत आहे. व्हर्डेलनं खाली डाव्या हातानं सही केली आहे, वेडीवाकडी, लहान मुलासारखी. उजव्या हातानं तिला आता पेन धरता येत नाही.