चाखलेलं पाणी

आमच्या किनाऱ्याला पाणी गोड की खारं हे ठरवते माझी जीभ. उधाण येऊन गेलं की शेजारपाजारच्या बायका तांब्या घेऊन येतात. मी घोट घेते, थुंकते, सांगते. बाकी कशात मला कुणी विचारत नाही, कारण बाकी सगळ्यात माझी धाकटी जाऊ पुढे.

मागच्या साली बांध फुटून आमच्या दोन्ही घरांचं भात गेलं. मी कपाळाला हात लावून बसले. धाकटीनं शेताच्या कोपऱ्यात तळं खणलं, पालापाचोळा आणि मासळीची डोकी-शेपट्या कुजवून खत केलं, बदकं सोडली, बांधावर भोपळे चढवले. खाऱ्या जमिनीत तग धरणारं जुनं बियाणं कुठून कुठून मागून आणलं. आता माणसं तिचं शेत बघायला येतात. सासूबाईंनी जन्मात कुणाचं कौतुक केलं नाही, पण त्याही म्हणतात, "धाकटीच्या हाताला यश आहे." माझ्या अंगाचा तिळपापड होतो. होतो, खोटं कशाला बोलू?

त्या बियाण्याचे आम्हा दोघींचे वाफे शेजारी-शेजारी होते. माझ्या वाफ्यातलं बीसुद्धा तिनंच दिलेलं, तेही मला खुपायचं. ते भात मोठं झालं की खारं पाणी सोसतं, पण रोपं कोवळी असताना नाही. उधाण ओसरलं त्या सकाळी तिनं तळ्यातलं पाणी तांब्यात भरून माझ्यापुढे धरलं.

"ताई, बघा हो जरा. घालू का?"

मी घोट घेतला. बांधातून पाझरलं होतं. चांगलंच खारं.

"गोड आहे," मी म्हटलं. "घाल खुशाल."

मला काय, माझ्या वाफ्याला मी घरच्या विहिरीचं पाणी घालणार होते. कळशी भरायला घरी गेले. पडू देत तिची रोपं पिवळी, मग बघू कोण येतं बघायला. वाटेत मी चक्क गुणगुणत होते.

परतले तर धाकटी झारी घेऊन माझ्या वाफ्यात उभी. वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत भिजलेला.

"तुमचा आधी उरकला," ती हसून म्हणाली. "थोरलीचा मान. आता माझा."

ती झारी भरायला वाकली. गप्प राहिले असते तर दोघींचं सारखंच झालं असतं. राहणारही होते. पण मग दोन्ही घरांनी वर्षभर खायचं काय?

"थांब! खारं आहे ते."

तिनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि माझ्याकडे बघत राहिली. ती कडाकडा भांडेल म्हणून मी पदर खोचून तयार होते. उत्तरंही जुळवून ठेवली होती.

"एका कळशीनं आता काही व्हायचं नाही, ताई," ती म्हणाली. "माझी रोपं दाट आहेत. निम्मी तुम्ही लावा."

त्यापेक्षा तिनं एक मुस्काटात ठेवून दिली असती, तर मी तिला माफ केलं असतं.